लांबच्या पोडाला कडक बर्फ

२०१७ साल होतं आणि मी छप्पन्न वर्षांचा होतो. लसीचा डबा खांद्यावर घेऊन मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत माझा डबा एकदाही उशिरा पोचला नाही, नाल्यात पडला नाही, की कुणाच्या सांगण्यावरून मधे उघडला गेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून लोक म्हणतील, म्हातारा निष्काळजी होता. निष्काळजी मी कधीच नव्हतो. माझ्याकडून काळजीच जास्त झाली.

मी चौथी पास आहे. बोलतो वऱ्हाडी, पण कागद पुढं आला की शाळेतली भाषा आठवते, आणि दोन्हींची खिचडी होते. सुनेनं ऱ्हस्व-दीर्घ पाहून दिलं. वाक्य मात्र मी एकही बदलू दिलं नाही. आमच्या आरोग्य केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हाचे काही जण अजून नोकरीत आहेत. यवतमाळ जिल्ह्यातलं, सागाच्या जंगलाला टेकलेलं, एवढं पुरे.

आधी काम काय ते सांगतो. लहान पोट्ट्यांच्या आणि गरोदर बायांच्या लसी आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये असतात. नर्सबाई ठरल्या दिवशी परस्पर गावात जातात. फ्रीजपासून त्यांच्यापर्यंत लस पोचवायची ती मी. त्यासाठी एक निळा डबा असतो, घागरीएवढा, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. आत चार बाजूंना प्लास्टिकच्या चार चपट्या पेट्या, त्यांच्यात पाण्याचा बर्फ केलेला. मधल्या जागेत लसीच्या बाटल्या. झाकण घट्ट लावायचं आणि सुटायचं. संध्याकाळी न फोडलेल्या बाटल्या परत आणून फ्रीजमध्ये ठेवायच्या. काम एवढंच. पण डबा आला नाही तर नर्सबाई नुसत्या सतरंजीवर बसून राहतात आणि बाया पोट्टे घेऊन शेतावर निघून जातात.

डबा पाहिला की लोकांना काय काय सुचतं ते मलाच माहीत. एकदा लग्नाचा मांडव रस्त्यातच होता. नवरदेवाचा मामा सायकलीला आडवा झाला. म्हणे, "काकाजी, वऱ्हाडाचं सरबत गरम होऊन राह्यलं. दोन तुकडे बर्फ टाका ना."

मी म्हटलं, "हा बर्फ पिऊन तुमाले गोवर होत नाही, पण काढला तं दुसऱ्याच्या लेकराले होते."

त्याला काही समजलं नाही. पण गोवर म्हटल्यावर तो बाजूला सरला.

दुसरा किस्सा एका मोठ्या शेतकऱ्याचा. त्यांची सून पुण्याहून आलती, नातू चार महिन्यांचा. त्यांनी गडी पाठवून मला बंगल्यात बोलावलं. म्हणाले, "डबा इथंच उघडा, नर्सबाईले आमी बोलावतो. सूनबाई त्या झाडाखाली कायले बसन?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, माह्या डब्याचं झाकण झाडाखालीच निघते."

ते म्हणाले, "तू कोणाशी बोलून राह्यला, समजते का?"

"समजते. म्हणूनच उभ्यानं बोलतो," म्हटलं आणि निघालो. तासाभरानं सूनबाई झाडाखाली येऊन बसली. तिच्या एका बाजूला गवंड्याची बायको होती, दुसऱ्या बाजूला एक गोंडाची पोरगी. तिन्ही पोट्टे एकाच सुरात रडले.

हा हट्ट माझा आजचा नाही. आमची आई आठ वेळा बाळंत झाली आणि आम्ही तिघं उरलो. दोन भाऊ तर जन्मल्यापासून आठ दिवसांत आखडून गेले. धनुर्वात हा शब्द मी फार पुढं ऐकला. आई म्हणायची, बाहेरचं लागलं. नंतर कळलं की आईला गरोदरपणात दोन सुया मिळाल्या असत्या तर काही बाहेरचं लागलं नसतं. तेव्हापासून मी ठरवलं होतं की माझ्या वाट्याच्या गावात कुणी सुईवाचून राहणार नाही.

माझ्या वाट्याला सात गावं होती, आणि शेवटचा लेतू नाईकाचा पोड. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. वीस-बावीस घरं, मधे चावडी, आणि नाईक म्हणजे त्यांचा प्रमुख. नऊ किलोमीटर सायकल, मग ती शेवटच्या गावात ठेवून दोन नाले आणि जंगल पायी. खालच्या गावांतल्या कास्तकारांच्या सुना यवतमाळला जाऊन मशीनवर पोट पाहून येत आणि गाडीत बसून बाळंत व्हायला जात. पोडावरच्या बाईला कळा लागल्या की बाजेवर टाकून नाल्यापर्यंत आणत, आणि गाडी नाल्याच्या अलीकडंच थांबे. पावसाळ्यात तर आमच्या वहीत पोडापुढं सरळ 'रस्ता बंद' लिहायची पद्धत होती. मी आलो आणि ती पद्धत बंद केली. म्हटलं, गाडीचा रस्ता बंद असन, माणसाचा चालू आहे. चड्डीवर नाला ओलांडत होतो, डबा डोक्यावर.

पोडासाठी माझा एक नियम होता. जो जितका लांब, त्याला तितका चांगला बर्फ. बाकी गावांचे डबे केंद्रातले दुसरे दोघं भरत. सकाळी उशिरा, फ्रीझर दहादा उघडल्यावर, अर्धा विरघळलेला बर्फ घेऊन. मी सहालाच जाई. फ्रीझरच्या तळाच्या, दगडासारख्या झालेल्या पेट्या निवडून काढी, लगेच डब्यात ठोकून बसवी आणि वरून ओलं पोतं गुंडाळी. पोडावर झाकण काढलं की आतून धूर निघे. पोट्टे तो धूर पाहायला गोळा होत. लेतू नाईक म्हणे, "मामा, तुह्या डब्यात चिलम पेटली का?"

दिग्रसच्या सुरेखा सिस्टर तिथं टोचायला येत. त्या खालच्या गावापर्यंत एसटीनं येत, पुढं पायी. त्या म्हणत, "काकाजी, असा गार डबा अख्ख्या तालुक्यात नाही." मी वर पाहत नसे, पण ऐकत असे.

त्या वर्षी पोडावर खोकला आला. साधा नाही. पोट्टं खोकलत राही, खोकलत राही, तोंड निळं पडे, मग श्वास ओढताना कोंबड्यासारखा आवाज निघे. डांग्या खोकला. सहा लेकरं आजारी झाली. सगळ्यांत लहान लेतू नाईकाची नात, आठ महिन्यांची. तिची आई सुनीता तिला पदरात घेऊन दोन नाले चालून खालच्या गावात आली. तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरगी अकरा दिवस तिथं होती. वाचली. पण पहिले चार दिवस कुणी काही सांगत नव्हतं.

आता गंमत अशी की सहाही लेकरांची कार्डं भरलेली होती. डांग्या खोकल्याची लस आम्ही जिला पांढरी सुई म्हणतो तिच्यात असते, तिचे तीन डोस, तिन्हींपुढं खूण आणि तारीख. तालुक्याचे साहेब जीप नाल्याशी उभी करून पोडावर आले. कार्डं पाहिली आणि चावडीत उभं राहून म्हणाले, "हे लोक टोचून घेतच नाहीत. सिस्टरनं घरी बसून कार्डं रंगवली."

लेतू नाईक म्हणाला, "साहेब, आमी टोचलं ना. पोट्टे दोन-दोन रात्री रडले."

साहेब म्हणाले, "तुम्हाला कशाची सुई, कशाची नाही, काय समजते?"

सिस्टरला नोटीस निघाली. खोट्या नोंदी केल्या, तीन दिवसांत खुलासा द्या. एवढ्यावर बाईची नोकरी जाते. घरी त्यांच्या दोन पोरी, आणि कापसाच्या जिनिंगमध्ये पाठ मोडून घेतलेला म्हातारा बाप. त्या मला म्हणाल्या, "काकाजी, मी पावसात चालत जाऊन टोचलं हो. आता खोटारडी झाली."

मी म्हटलं, "मी जिता आहो ना. मी साक्ष देतो."

आमच्या केंद्रात तेव्हा एक डॉक्टर मॅडम होत्या. कोल्हापूरकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी सिस्टरला घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. टोपी काढली नाही. म्हटलं, "मॅडम, लिहून घ्या. डबा दर महिन्याले पोडावर गेला. सिस्टरनं माह्या डोळ्यांपुढं एकेक पोट्टं टोचलं. आन् लस अशीतशी नाही. इतकी गार, का झाकण काढलं की धूर निघे. बाटल्या बर्फाले चिपकून राहत. सिस्टरले नखानं सोडवा लागे."

मॅडम लिहीत होत्या. त्यांचा पेन थांबला.

"काका, परत सांगा. बाटल्या चिकटायच्या?"

"हाव. चिपकत. विचारा सिस्टरले."

"सगळ्या गावांत?"

"नाही जी. जवळच्या गावाले इतका बर्फ कायले पाह्यजे? हे खास पोडासाठी. लांब आहे ना."

मॅडम सिस्टरकडं पाहत राहिल्या. सिस्टर खाली पाहत होत्या. मला अजून वाटत होतं की माझी साक्ष भारी झाली.

दोनच दिवसांपूर्वी पोडावर टोचणी झाली होती आणि न फोडलेल्या बाटल्या मी परत आणल्या होत्या. मॅडमनं त्यातली एक आणली. दुसरी आणली फ्रीजमधली, जी बाहेर कुठंच गेली नव्हती. दोन्हींत तीच लस, ताकासारखी पांढरी. दोन्ही मुठीत धरून जोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाल्या, "टेबलाला कुणी हात लावू नका."

आम्ही तिघं बसलो. बाहेर रांगेत कुणीतरी तंबाखू मळत होतं, त्याचा टाळीचा आवाज येत होता. पाच-सात मिनिटं दोन्ही बाटल्या सारख्या होत्या. मग माझ्या बाटलीत वर पाणी दिसायला लागलं. स्वच्छ पाणी. पांढरं खाली बसत गेलं, फाटलेल्या दुधासारखं. दुसरी तशीच पांढरी.

मॅडम म्हणाल्या, "काका, ही लस गोठली की मरते. वरून काही दिसत नाही. सुई टोचली जाते, पोराला दुखतं, तापही येतो, पण आजार अडत नाही."

मी म्हटलं, "फ्रीज खराब असन."

"दुसरी बाटली त्याच फ्रीजमधली आहे."

"मग कंपनीचा माल खराब."

"दोन्हींवर एकच नंबर आहे. वाचा."

मी वाचला. एकच होता.

असं झालं का, तर मी डबा धरला तो पोलिओच्या थेंबांपासून. त्या थेंबांना जितका गारवा तितका बरा, ते गोठले तरी बिघडत नाहीत. मी तेच धरून बसलो. या पांढऱ्या सुईचं उलटं आहे. बर्फ फ्रीझरमधून काढून आधी बाहेर ठेवायचा. त्याला घाम फुटू द्यायचा. पेटी कानाशी धरून हलवायची, आत पाणी खळखळलं की मगच डब्यात भरायची. फ्रीजच्या खोलीत याचा चित्रांचा तक्ता होता. त्या तक्त्याच्या खिळ्याला मी रोज माझी पिशवी टांगत होतो. मीटिंगही झाली होती. सिस्टर म्हणाल्या, "काकाजी, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

मी म्हटलं, "सांगितलं होतं. मीच म्हटलं, हे कालचे पोट्टे मले बर्फ शिकवतीन का?"

मग मला एक गोष्ट सुचली. विचारलं, "मॅडम, बायांची धनुर्वाताची सुई?"

"तीही, काका. तीही गोठली की मरते."

अर्धा विरघळलेला, आळशी माणसांनी भरलेला बर्फ ज्या गावांना गेला, तिथल्या पोट्ट्यांना जिवंत लस मिळाली. आणि ज्यांच्यासाठी मी डबा डोक्यावर घेऊन नाला ओलांडला, त्यांना मी दर महिन्याला मेलेली लस नेऊन दिली. किती वर्षं, ते मोजायला गेलो नाही. पोडावर कुणाचं तान्हं धनुर्वातानं गेलं नव्हतं, हे मॅडमनं वह्या काढून मला दाखवलं. ती पानं मी तीनदा पाहिली.

मॅडमनं तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, लस खराब गेली असं लिहाल तर वरून सगळ्या तालुक्याची चौकशी लागेल. मुलं गैरहजर होती, एवढं लिहा. सिस्टरला समज देऊन सोडून देऊ. तुम्हीही सुटाल."

मॅडमची नवीन नोकरी, परका मुलूख. मी पुढं वाकून फोनशी तोंड नेलं. "साहेब, पोट्टे गैरहजर नव्हते. अन् मीबी नव्हतो."

"कोण बोलतंय?"

"डबेवाला."

मॅडमनं फोन ठेवला. म्हणाल्या, "काका, हे खरं लिहिलं तर तुमचं काम जाईल. तुमची काही ऑर्डर नाही. उद्यापासून येऊ नका म्हटलं की झालं."

"तुमी लिहा."

"सिस्टर, तुमचं काय?"

सिस्टर म्हणाल्या, "काकाजीचं नाव नका टाकू मॅडम. नुसतं बर्फामुळं म्हणा."

मी म्हटलं, "बर्फ आपल्या पायानं डब्यात गेला का? माहं नाव टाका. नाही तं पोडावर कोणाचं नाव सांगीन मी?"

त्यांनी लिहिलं. मी वाचायला मागितलं. मला एक पान वाचायला बराच वेळ लागतो, पण वाचल्याशिवाय मी सही करत नाही. एका शब्दावर अडलो. 'अनवधानाने'. विचारलं, याचा अर्थ काय? मॅडम म्हणाल्या, "लक्ष नसल्यामुळं."

"तो शब्द काढा. लक्ष नव्हतं असं नाही. लक्ष लय होतं."

मॅडमनं पहिल्यांदा त्या दिवशी थोडं हसल्यासारखं केलं. तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'चुकीच्या समजुतीने'. मी म्हटलं, हे बरोबर. मग खाली बापाच्या नावासकट पूर्ण सही केली.

पुढचं थोडक्यात. सिस्टरची नोटीस परत गेली. मला तीन महिने घरी बसवलं. मग पावसाळा लागला, पोडावर डबा न्यायला माणूस मिळेना, आणि केंद्रातला शिपाई मला बोलवायला आमच्या विहारामागच्या घरी आला. मी दोन दिवस लावले, पण गेलो. त्यानंतर सात वर्षं डबा वाहिला. तालुक्यात जो कुणी नवा डबेवाला लागे, त्याला मॅडम आणि त्यांच्यानंतर आलेले डॉक्टरही माझ्याकडं पाठवत. मी आधी त्याला माझी चूक सांगत होतो, मग काम. काही जण हसले. ज्याला हसू आलं त्याला मी दुसऱ्यांदा सांगत होतो. आणि एक गोष्ट छातीवर हात ठेवून लिहितो. त्या सात वर्षांत माझ्या डब्यातली एकही बाटली मेली नाही, आणि वहीत पोडापुढं 'रस्ता बंद' कुणी लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र हे काही माहीत नव्हतं. मॅडमनं यवतमाळच्या मोठ्या साहेबांना परस्पर फोन केला आणि पोडावर सगळ्यांना पुन्हा टोचायची परवानगी मिळवली, दुसऱ्याच दिवसाची. म्हणाल्या, "काका, डबा दुसऱ्याला देऊ का?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फाच्या पेट्या काढून टेबलावर मांडल्या आणि समोर स्टुलावर बसलो. घाम फुटायला वेळ लागतो. एकेक पेटी कानाशी धरली. चारींत पाणी वाजलं तेव्हा नऊ होत आले होते. पोडावर पोचलो तेव्हा सिस्टर आधीच चावडीत बसल्या होत्या आणि बाया वाट पाहून कंटाळल्या होत्या. झाकण काढलं. धूर निघाला नाही. पोट्टे हिरमुसले.

मी टोचायच्या आधी बोललो. म्हटलं, "आजवर ज्या सुया मी आणल्या त्या मेलेल्या होत्या. बर्फ जास्त झाला, म्हणून मेल्या. सिस्टरची चूक नाही. तुमची नाही. साहेब खोटं बोलले. चूक माही आहे. सगळ्यांले पुन्हा टोचा लागते."

 लेतू नाईक म्हणाला, "मामा, मग तू आमाले काय टोचत होता? इख?"

"इख नाही, नाईक. पाणी."

"पाणी आणाले इतक्या लांब येत होता?"

मी डब्याचं झाकण परत लावलं. सुनीता खांबाला टेकून बसली होती. तिची लहान दवाखान्यातच होती, आजीजवळ. ही निरोप ऐकून मोठ्या पोराला टोचायला रात्रीच परत आली होती. ती म्हणाली, "तीन डाव टोचलं लहानीले. तीन डाव रात्रभर घेऊन बसली मी. ते सगळं फुकट गेलं का?"

"गेलं, माय."

तिनं पदर खोचला. मग पोराला उचलून सिस्टरसमोर येऊन बसली, आणि तिच्यामागं बाकीच्या उठल्या.

टोचताना पोट्ट्याचा पाय आई धरते, तशी पद्धत आहे. डबेवाल्याचं ते काम नाही. त्या दिवशी मी खाली बसलो आणि सुनीताला म्हटलं, तू नुसतं त्याचं डोकं धर. एकोणीस पोट्टे होते. एकोणीसांचाही पाय मी धरला, आणि प्रत्येक जण माझ्या तोंडाकडं पाहून रडला.